भीड नव्हे, आयडोस

तौलनिक साहित्य विभागाच्या वर्गात डॉ. अभिराम वाघोलीकरांनी आपलं 'अर्थरोपक' यंत्र टेबलावर ठेवलं आणि फळ्याकडे कीव करावी तसं पाहिलं. फळ्यावर एकच ग्रीक शब्द होता : आयडोस.

"एवढ्यावर आठवडा घालवता?" त्यांनी विचारलं.

"कमी पडतो," प्रा. मृणालिनी किरपेकर म्हणाल्या. "या मुलांनी त्याचं भाषांतर 'लाज' केलं. परीक्षेपुरते अर्थ पाठ करणारी जात. 'भीड' जरा जवळचा, पण तोही अपुरा."

विद्यापीठाची समिती मागच्या बाकावर बसली होती. यंत्र पसंत पडलं, तर ग्रीकचा वर्ग बंद होणार होता.

"बाई अर्थ सांगतात," वाघोलीकर समितीकडे वळले. "सांगितलेला अर्थ म्हणजे उष्टा अर्थ. ग्रीक महाकाव्यांत हा शब्द जिथे जिथे येतो, तिथे माणसाचं शरीर काहीतरी करतं. नजर झुकते, हात मागे येतो, जीभ थांबते. यंत्र त्या साऱ्या जागा वाचतं आणि मेंदूत तेच जोड तयार करतं. मग शब्द समजावा लागत नाही, तो तुमच्यात राहतो. कायमचा."

"मग आधी स्वतःवर लावा," मृणालिनीबाई म्हणाल्या. "हाच शब्द."

ते हसले. "आनंदाने. तुमच्या वीस वर्षांची पाच मिनिटं करून दाखवतो."

त्यांनी पट्टा कपाळाला बांधला. यंत्र गुणगुणलं, थांबलं. पट्टा काढून वाघोलीकर उठले आणि बाईंसमोर येताच त्यांची मान खाली गेली.

"बोला डॉक्टर," समितीच्या अध्यक्षा हुलावळे म्हणाल्या. "यंत्र चाललं?"

वाघोलीकरांनी तोंड उघडलं. वयाने मोठी माणसं समोर होती. जिचा वर्ग मोडायला ते आले होते, ती बाई शेजारी उभी होती. तिच्या विद्यार्थ्यांदेखत तिच्यापेक्षा आपण श्रेष्ठ, असं म्हणायचं? त्यांचे कान तापले.

"मी... माझ्या तोंडून ते बरं दिसणार नाही."

"मॅडमपेक्षा चांगलं शिकवतं की नाही, एवढंच सांगा."

वाघोलीकर एक पाऊल मागे सरले.

"स्वतःच्या यंत्राबद्दल चार शब्द बोलता येत नाहीत," हुलावळे तुच्छतेने म्हणाल्या. "फसलंय हे. चला." समिती उठली.

पहिल्या बाकावरची शबनम मणेर उठून बाईंच्या कानाशी कुजबुजली, "मॅडम, यंत्र तर चाललंय. म्हणूनच ते बोलू शकत नाहीत. हे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं म्हणून तर तो शब्द दिला."

"मग समितीला सांगा ना. अजून दारातच आहेत."

मृणालिनीबाईंनी दाराकडे पाहिलं. समितीला वाट देण्यासाठी वाघोलीकर भिंतीला चिकटून उभे होते. त्यांना आता उभ्या आयुष्यात कुणापुढे आपली बाजू मांडता येणार नव्हती. बाई वाट पाहत राहिल्या. या शब्दावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. त्याच्या सगळ्या छटा त्यांना सांगता आल्या असत्या. आता त्यातली एक तरी आपली मान खाली घालायला लावेल, असं त्यांना वाटलं होतं.

तसं काही झालं नाही.

"खाली बस," त्या शबनमला म्हणाल्या. "पुढची ओळ वाच."