घरातली माणसं घरात

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. फक्त आमच्या मामीसमोर हसू नका, एवढंच.

हे घडलं एका थंडीतल्या शनिवारी, दिवेलागणीला. तिसऱ्या मजल्यावर, जिन्यासमोरच्या दारात.

मामा कुलपं-चाव्यांचं काम करायचा. कमरेला चाव्यांचा हा एवढा जुडगा. तो घरी येतोय हे मामीला जिन्यावरूनच कळायचं... छन्, छन्, छन्.

"घंटा वाजली. बैल गोठ्यात आला," असं ती म्हणायची.

त्या वर्षी वस्तीत चोर फार झाले होते. ओळखीच्या आवाजात हाक मारायचे, आणि माणसं भाबडेपणाने दार उघडायची. मग हवालदार आणि वस्तीतल्या मंडळींनी मिळून रक्षक दल काढलं. मामा सगळ्यांच्या पुढे. घरोघरी फुकट कड्या बसवल्या, शिट्ट्या वाटल्या. नियमही त्यानेच केला.

घरातली माणसं घरात आली, की दार उघडायचं नाही. आवाज सख्ख्या भावाचा असला तरी. शिट्टी वाजवायची, दल काठ्या घेऊन धावत येणार.

"आणि यम आला तर?" मामीने चिडवलं होतं.

"त्यालाही शिट्टी!"

त्या शनिवारी दलाचा सराव होता. हरवलेला माणूस शोधायचा. हरवायचं कुणी? मामाशिवाय कुणाला हौस! तो दुपारीच कुठंतरी जाऊन लपला.

संध्याकाळी लांब शिट्टी ऐकू आली. म्हणजे सापडला. मामीने चहा टाकला.

दार वाजलं. मामा उभा. हवालदार आणि बाकीचे त्याला सोडून खाली उतरत होते.

मामी थबकली...

जिन्यावर चाव्या वाजल्याच नव्हत्या.

"चाव्या कुठं आहेत?"

"राहिल्या."

बस्स. एवढंच बोलून तो दाराकडे तोंड करून खुर्चीत बसला. मामीने कडी लावली, साखळी लावली. चहा समोर निवत गेला. त्याने हातही लावला नाही. बसल्या जागी चार टवाळ्या करणारा माणूस, आणि आज तोंडातून शब्द नाही.

"बरं नाही का वाटत?"

त्याची नजर दारावरच.

आणि मग...

छन्.

छन्.

छन्.

जिन्यावरून कुणीतरी वर येत होतं. दारापाशी येऊन थांबलं. कुलपात चावी फिरली. आतल्या कडीमुळे दार हललं नाही.

"अगं, कडी का घातलीस? उघड. गाढवं मला शोधायचंच विसरली. बसून बसून पाय आखडले माझे."

मामाचा आवाज.

मामीने वळून पाहिलं. खुर्चीतला उठला होता. हातात शिट्टी धरून तिच्या अगदी मागे उभा होता.

"घरातली माणसं घरात आहेत ना?" त्याने हळूच विचारलं.

"चिमणे, उघड ना..." बाहेरून.

हे लाडाचं नाव मामा चारचौघांत कधी घेत नसे. मामीचा हात कडीवर गेला.

"चिमणे," मागचाही म्हणाला. त्याच आवाजात.

कोण खरं? बाहेरचा दाराआड होता. हा तिच्या मानेपाशी होता.

तिने त्याच्या हातातली शिट्टी घेऊन वाजवली.

बाहेरचा चक्क हसला. "शाब्बास! नवऱ्यालाच शिट्टी? वाजव, वाजव. आता तेच येऊन सांगतील तुला, मी कोण ते."

खरोखरच आले ते. जिन्यातला दिवा बंद होता. मामाला तर त्यांनी आत्ताच स्वतः घरी सोडलेलं. मग दाराशी चाव्यांनी खुडबुड करणारा कोण असणार? चोर.

"अरे, मी आहे! मी!"

"आवाजाला फसू नका रे!" कुणीतरी ओरडलं.

मामानेच शिकवलं होतं तसं.

काठ्या पडत राहिल्या. चाव्या वाजत राहिल्या. नंतर चाव्याही वाजेनात.

बॅटरी लागली. उजेड खाली पडलेल्याच्या तोंडावर गेला.

"वहिनी..." हवालदार दाराबाहेरून म्हणाला. "दार उघडू नका."

बेवारस प्रेत म्हणून सगळं उरकलं. दलाने मामीचा सत्कार केला, प्रसंगावधान राखल्याबद्दल. पहिल्या रांगेत बसून तो खुर्चीतला टाळ्या वाजवत होता.

हवालदाराने बदली मागून घेतली. जायच्या आधी जुडगा मामीच्या हातात ठेवला. "आम्ही शोधलंच नाही, वहिनी. ज्याला घरी सोडलं, तो कोपऱ्यावर आपणहून उभा होता. आम्हाला वाटलं, कंटाळून बाहेर आला."

मामाचं चाव्यांचं दुकान तेव्हापासून बंद आहे. तो अजूनही त्या खुर्चीत असतो, दाराकडे तोंड करून. मी त्याला मामा म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

जुडगा मामीने पिठाच्या डब्यात पुरून ठेवलाय. मागच्या महिन्यात मी तिच्याकडे होतो. दिवे लागले, आणि मी स्वतःच्या कानांनी ऐकलं... जिन्यावर. छन्, छन्, छन्. दारापाशी येऊन थांबलं. कुणी दार वाजवलं नाही, हाक मारली नाही.

मामीने डबा उघडून पिठात हात घातला. जुडगा आतच होता.

"चिमणे," खुर्चीतून आवाज आला. "घरातली माणसं घरात आहेत ना?"

मामीने माझ्याकडे पाहिलं नाही. दाराकडेही नाही.

"हो," ती म्हणाली.

बाहेरच्या चाव्या एकेक पायरी खाली उतरत गेल्या.