अर्धा ज आणि पूर्ण भूल

“अहो, शिडीवरचे! तो स्क्रू पिळू नका. थांबा म्हणते ना!”

शिडीवरच्या तरुणाने दचकून खाली पाहिलं. खाली एक मुलगी उभी होती. कमरेवर हात, कपाळावर आठ्या. तिच्या मागे बाकावर तिची आई आणि थोरली बहीण बसलेल्या, आणि दोघींच्या चेहऱ्यावर एकच भाव... आता हे काय नवीन?

“काय झालं? पाटी वाकडी लागतेय का?” दातांत धरलेला दुसरा स्क्रू सांभाळत त्याने विचारलं.

“वाकडी असती तर चाललं असतं. चुकली आहे. ‘भूलतज्ञ’ लिहिलंय तुम्ही. तज्ज्ञ! अर्धा ज खाल्लात.”

त्याने पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “सगळे असंच लिहितात हो.”

“म्हणून तुम्हीही लिहिणार?” ती गर्रकन आईकडे वळली. “पाहिलंस? ज्या खोलीच्या दारावरच चूक आहे, त्या खोलीतल्या माणसाच्या हाती मी माझा जीव द्यायचा? शुद्ध हरपून? शक्य नाही. चल घरी.”

“अगं, पाटीचा आणि ऑपरेशनचा काय संबंध?” ताई ओरडली.

पण तोवर ती जिन्यापर्यंत पोचलीसुद्धा होती. आईने कपाळाला हात लावला. शिडीवरचा तरुण तोंडात स्क्रू तसाच धरून बघत राहिला. एका अर्ध्या ज-पायी ऑपरेशन मोडलेलं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

आता खरं सांगायचं तर बिचाऱ्या पाटीचा काही दोष नव्हता. पाटी नसती तर हिने दुसरं काहीतरी शोधलं असतं. ही मुलगी पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनात मुद्रितं तपासायची. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक तिच्या नजरेतून निसटायची नाही, म्हणून ऑफिसात सगळे तिला ‘वेलांटी’ म्हणायचे. अर्थात तिच्या पाठीमागे. तर या वेलांटीच्या पित्ताशयात खडे झाले होते. दुर्बिणीतून ऑपरेशन, चार दिवसांत घरी, असं सर्जननी सांगितलं होतं. पण पहिल्या तारखेला बाईंना शिंक आली. दुसऱ्या तारखेला भूगोलाचं पुस्तक छापायला जायचं होतं. आणि आता हा ज. घरच्यांच्या नाकी नऊ आले होते.

कापण्याची तिला भीती नव्हती. टाके पडू देत, दुखू दे, तिची तक्रार नव्हती. भीती होती ती भुलेची. पूर्ण भुलेची. आपण तिथे असू, आणि नसूही... हा विचार आला की ती तारीख पुढे ढकलायची. आणि जो तो एकच म्हणायचा, “काही होत नाही गं!” हे वाक्य ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

काही दिवसांनी पाटीवाला तिच्या ऑफिसात हजर झाला. बगलेत कागदात गुंडाळलेली पाटी, बोटांना डिंक चिकटलेला.

“तुम्ही? इथे?”

“ताईंनी पत्ता दिला,” तो म्हणाला. “म्हणाल्या, पाटी लावण्याआधी तिला दाखवा, नाहीतर ती पुन्हा पळेल. घ्या. मोजून घ्या सगळे ज.”

तिने पाहिलं. भूलतज्ज्ञ. अक्षरं सुरेख होती, हे तिला नाइलाजाने मान्य करावं लागलं.

“बरोबर आहे,” ती म्हणाली.

“मग आता जाणार ना ऑपरेशनला?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“मला काही नाही. पण माझ्यामुळे कुणाचं ऑपरेशन राहिलं, हे डोक्यातून जाईना. रात्री झोपेत ज दिसतात.”

तिला हसू आलं. तिने ते ओठ चावून परतवलं, पण त्याने पाहायचं ते पाहिलं होतं.

त्याला साऱ्या दवाखान्याच्या पाट्या करायच्या होत्या, त्यामुळे येण्याला निमित्त होतंच. एकदा ‘रूग्णालय’ घेऊन आला. तिने लाल पेनाने रू ऱ्हस्व करून दिला. मग ‘प्रसुती विभाग’ आणला. मग ‘शांतता राखा’ मधला अनुस्वारच गायब.

“हे मुद्दाम करता तुम्ही,” एके दिवशी ती वैतागून म्हणाली.

“छे!”

“काल ‘औषधालय’ अगदी बरोबर होतं. जो औषधालय बरोबर लिहितो, त्याला शांततेवरचा अनुस्वार कळत नाही?”

तो कानाची पाळी चोळत राहिला. “अहो, चुकलं नाही तर... यायचं कशाला?”

ती पुन्हा पाटीत डोकं घालून बसली. अनुस्वार केव्हाच देऊन झाला होता, तरी ती वर बघेना.

“आता म्हणा, भूल मलाच पडली. म्हणा, म्हणा, जिभेवर आलंय तुमच्या,” ती म्हणाली.

“आलं होतं,” तो म्हणाला. “गिळलं.”

“उत्तम केलंत. फार शिळा विनोद आहे तो.”

पण त्या दिवशी तिने त्याला चहाला थांबवलं, आणि चहा पिताना आपणहून भुलेबद्दल बोलली. कुणाजवळ बोलली नव्हती असं. “झोपेत मी असते हो. कुणी हाक मारली तर उठते. यात कुणी कितीही हाका मारल्या तरी मी नसणार. मग जी पडलेली असेल ती कोण? आणि माझ्याकडे लक्ष कोण ठेवणार?”

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आता म्हणेल, काही होत नाही. म्हणू दे, की उठलेच मी.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “मलाही भीती वाटली असती. पण मी विचारलं असतं.”

“कुणाला?”

“ज्यांच्या दारावरची पाटी एवढी भांडून बदलून घेतलीत, त्या भूलतज्ज्ञ बाईंनाच.”

ती यावर विचार करेपर्यंत खड्यांनी आपलं म्हणणं मांडलं. दोनच दिवसांनी, तो ‘स्वच्छतागृह’ दाखवत असताना तिच्या हातातलं पेन गळून पडलं. बरगडीखालून अशी कळ उठली की ती टेबलावर वाकली आणि तिला श्वास घेता येईना. त्याने तिला धरून रिक्षात घातलं. वाटभर तिची नखं त्याच्या मनगटात रुतत होती, आणि तो रिक्षावाल्यावर, सिग्नलवर, सगळ्या जगावर ओरडत होता.

इंजेक्शनने कळ थांबली. सर्जन मात्र या वेळी हसले नाहीत. “खडा खाली सरकून नळीत अडकला, तर कावीळ होईल, जिवावर बेतेल. सूज उतरली की ऑपरेशन. आता शिंक नको आणि भूगोल नको.”

भूलतज्ज्ञ बाईंच्या खोलीत ती एकटीच गेली. बाई चष्मा नाकावर ओढून सगळं विचारत गेल्या. दात हलतोय का, कसली ॲलर्जी, दमा, याआधी कधी भूल दिली होती का. शेवटी हिने विचारून टाकलं, “मी जागी झालेच नाही तर?”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “धोका अजिबात नाही, असं मी सांगणार नाही. तुमच्या तब्येतीत तो फार कमी आहे. आणि बाई, झोपवायला काय लागतं? एखादं लांबलचक भाषणही झोपवतं. शिकले आहे मी जागं करायला. तुम्ही झोपलात की मी चहाला जात नाही. तुमच्या उशाशी बसते. श्वास, नाडी, रक्तदाब, सगळ्यावर नजर. तुम्ही डोळे उघडून माझ्याशी बोललात की मगच मी हलते.”

“मध्ये एकही ओळ... म्हणजे, काही सुटत नाही नजरेतून?”

“सुटू देत नाही.”

हे उत्तर तिला पटलं. हे तिच्या ओळखीचं काम होतं.

पटलं, म्हणजे भीती गेली असं कुणी समजू नये. भीतीला पटवून काय उपयोग? ऑपरेशनच्या सकाळी नखांचा रंग पुसून, पोट रिकामं, अंगात तो मागून बांधायचा हिरवा झगा, अशी ती खाटेवर बसली. आई बाटलीत पाणी भरायला गेली, ताईचं फोनवर बोलणं चाललं होतं... आणि वेलांटीने झग्यावर शाल ओढली, चपला घातल्या आणि जिना गाठला.

जिन्याच्या वळणावर पाटीवाला समोर आला. धापा टाकत वर येत होता.

“कुठे निघालात?”

“हवा खायला.”

“शाल पांघरून? झग्यात?”

“बाजूला व्हा. पुढच्या आठवड्यात करू. जरा ताप आल्यासारखं वाटतंय, हात लावून बघा...”

“ताप नाही!” तो एवढ्याने ओरडला की वरच्या मजल्यावरून एक नर्स डोकावली. “ताप नाही, शिंक नाही, भूगोल नाही! काय डोक्याला ताप आहे हो तुमचा! त्या दिवशी रिक्षात तुम्ही पांढऱ्या पडलात, मला वाटलं संपलं सगळं. तुम्हाला भीती वाटते, मला माहीत आहे. पण माझं काय? मी काय करायचं? रोज एक पाटी चुकवून आणायची आणि तुमच्या खड्याची वाट बघायची? मला नको ते. मला तुम्ही हव्या आहात! भांडणाऱ्या, चुका काढणाऱ्या, लोकांचं डोकं खाणाऱ्या... कशाही, पण हव्या आहात मला!”

वरची नर्स कठड्यावरून आणखी वाकली.

त्याचं त्यालाच कळलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. “म्हणजे... माझं म्हणणं असं...”

“आता सुधारू नका,” ती म्हणाली. “असंच असू द्या. बरोबर आहे.” मग नेहमीच्या रागावर आली. “आणि हे सांगायची वेळ आहे का ही? आता मी काय उत्तर देऊ? पाच मिनिटांत मला आत नेतील!”

“बाहेर आल्यावर द्या.”

“आणि नाही आले तर?”

त्याने तिची घसरलेली शाल तेवढी खांद्यावर नीट केली. त्याची बोटं थंडगार होती, आणि तिच्या लक्षात आलं, हा आपल्याहून जास्त घाबरलाय. ती वळली आणि एकेक पायरी चढून वर गेली.

आत भूलतज्ज्ञ बाई खरंच उशाशी होत्या. “लांब श्वास घ्या,” त्या म्हणाल्या. “मी इथेच आहे.” तिला आणखी एक प्रश्न विचारायचा होता, पण तो

“उठा बघू. डोळे उघडा. नाव सांगा.”

तिने नाव सांगितलं. घसा खरखरत होता. “कधी सुरू करताय?”

“झालं की!” बाई म्हणाल्या.

“झालं?” ती गुंगीतच चिडली. “असं कसं झालं? मला काही कळलंच नाही! आणि यासाठी मी एवढं...” पुढचे शब्द काही जुळेनात.

खोलीत आणल्यावर आई रडली, ताईने आधी रागावून घेतलं, मग तीही रडली. पाटीवाला दाराशीच उभा होता. केस पिंजारलेले, डोळे ओढलेले. ताईने त्याला खूण केली तेव्हा तो खाटेजवळ आला.

“कसं वाटतंय तुम्हाला?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. जीभ जड होती, पापण्या मिटत होत्या.

“तू...” ती म्हणाली. “तू काही खाल्लंस का रे?”

आईने ताईकडे पाहिलं. ताईने आईकडे पाहिलं.

“नाही,” तो म्हणाला. “नाही गं. अजून नाही.”

“मग जा. खाऊन ये आधी.”

जा म्हणाली खरी. पण त्याच्या शर्टाची बाही तिने मुठीत धरली होती, ती काही सोडली नाही, आणि तशीच, आपणहून डोळे मिटून, शांत झोपून गेली. आता तो जाणार कुठे?