मामाच्या नावाचा पत्ता

"रविवारी माझं लग्न आहे आणि मामाला मी येऊ नकोस म्हणून सांगितलंय," रेवती म्हणाली आणि रडू लागली.

टी. टी. नगरातल्या त्या लहानशा ऑफिसात श्यामने पाणी पुढे केलं. त्याची चुलतबहीण, डिटेक्टिव्ह मंजूषा दिघे, रेवतीला आलेली मेल वाचत होती. नवऱ्या मुलाचं, आदित्यचं, ग्वाल्हेरात आधीच लग्न झालंय, असं कुणा निनावी हितचिंतकाने कळवलं होतं. मंजूषाने लगेच ग्वाल्हेरला फोन फिरवले. ती शुद्ध थाप निघाली.

"पण मामावर संशय का?" मंजूषाने विचारलं.

विजयमामाने पोरक्या रेवतीला इंद्रपुरीत वाढवलं होतं, पण हे स्थळ त्याला पसंत नव्हतं. शिवाय रेवतीची एक युक्ती होती. ईमेल पत्त्यात ती आपल्या नावापुढे प्लसचं चिन्ह टाकून ज्याची त्याची खूण जोडायची: 'प्लस ऑफिस', 'प्लस आदित्य'. मेल सगळ्या एकाच पेटीत येत, पण पत्ता कुणाकडून फुटला ते कळे. ही मेल 'प्लस मामा'वर आली होती.

"तो पत्ता मी मामेबहिणीला, जुईला, मामाच्या फोनमध्ये घालायला सांगितला होता. युक्ती ठाऊक आहे ती फक्त तिला आणि माझ्या ऑफिसातल्या सत्यजितला. त्याने मला मागणी घातली होती, पण आता आम्ही मित्र आहोत. मेल आल्याचं सगळ्यांना कळलंय. कोणत्या पत्त्यावर आली ते फक्त तुम्हाला सांगतेय."

श्यामला वाटलं, यात शोधण्यासारखं उरलंय काय?

इंद्रपुरीत मामा नवा फेटा मांडीवर घेऊन बसले होते. मंजूषाने मागताच त्यांनी फोन पुढे केला. त्यात दिसलं, की मंगल कार्यालयाची पावती रेवतीच्या साध्या, प्लस नसलेल्या पत्त्यावर गेली होती.

"कार्यालयाचा ऑनलाइन फॉर्म प्लस घेईचना," चहा देता देता जुई म्हणाली. "मग मी साधाच पत्ता टाकला आणि तोच बाबांच्या फोनमध्ये ठेवला. रेवतीला सांगायचं राहिलं. बाबांना प्लस-बिस कुठलं ठाऊक?"

गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात, रेवतीच्या ऑफिसात, सत्यजित हळहळला. "बहुत बुरा हुआ, मॅडम. पण यात शोधायचं काय? मामांच्या नावाच्या पत्त्यावर आली, म्हणजे त्यांचंच काम. लग्न पुढे ढकललेलं बरं."

परतताना श्याम म्हणाला, "चांगला मुलगा आहे, ताई. काळजी करतो तिची."

"फारच करतो," मंजूषा म्हणाली.

संध्याकाळी तिने सगळ्यांना मामांच्या घरी बोलावलं.

"रेवती, 'प्लस मामा' हा पत्ता मामांकडे कधी पोचलाच नाही. फॉर्मने प्लस नाकारला आणि जुईने साधा पत्ता ठेवला. जुईला मामांना अडकवायचं असतं, तर तिने हा पत्ता वापरला नसता. मामांचा फोन पाहिला की डाव फसणार हे तिला ठाऊक होतं. म्हणजे लिहिणाऱ्याला तुझी युक्ती माहीत होती, पण फॉर्मची अडचण माहीत नव्हती. असा एकच माणूस उरतो."

सत्यजित हसला. "हा नुसता तर्क झाला, मॅडम."

"मेल मामांच्या नावाच्या पत्त्यावर आली, हे दुपारी तुम्हीच मला सांगितलंत. रेवती ते आम्हा दोघांशिवाय कुणाशी बोललीच नव्हती. तुम्हाला कसं कळलं?"

सत्यजितचं हसू मावळलं. "तिचं लग्न मला बघवलं नसतं," एवढंच म्हणून तो खाली मान घालून निघून गेला. श्यामला आपल्या अकलेची लाज वाटली.

रेवती मामांपुढे बसली. तिला मान वर करवेना.

"मामा, रविवारी मला अंतरपाटापाशी कोण आणणार?"

मामांनी फेटा बाजूला ठेवला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू नको म्हणालीस, तरी मी कार्यालयाच्या फाटकाशी उभा राहणार होतो," मामा म्हणाले. "भटजींनी मामाला हाक मारली आणि मामा जागेवर नाही, असं कसं चालेल?"