घोलपसाहेबांच्या मनगटावरचा काटा

सांगलीच्या समर्थ कॉलनीतल्या हास्यसंघात त्या सकाळी जेमतेम पाच-सहा डोकी उरली, तेव्हा अध्यक्ष शिरीष घोलप यांना काही केल्या हसू येईना. महिन्यापूर्वी मैदान अपुरं पडायचं. आता उरलेली मंडळी कसंनुसं हसून घेत होती आणि शेजारच्या झाडावरचे कावळे त्यांच्याकडे बघत होते.

"बाबर सर, तुम्हीसुद्धा सोडताय?" घोलपांनी फाटकापाशी थांबलेल्या बाबर सरांना गाठलं.

"माफ करा साहेब," बाबर सरांनी मनगट पुढे केलं. "माझं उद्दिष्ट वजन कमी करायचं. इथं आलो की काटा डावीकडे झोपतो. हसून झालं की आपण मिसळ खायला जातो ना, त्याची शरीराला आधीपासूनच कल्पना असते म्हणे."

हा सगळा कलदर्शकाचा प्रताप. मनगटावर बांधायचा एक पट्टा, त्यावर बोटभर लांबीचा काटा. सुरुवातीला एका तबकडीवर तळहात ठेवायचा आणि आपल्याला मनापासून काय करायचंय ते मोठ्यानं बोलायचं. बोलताना हृदयाचे ठोके कसे पडतात, कातडीवर घाम किती येतो, बोटांचे स्नायू किती थरथरतात, याचा एक ठसा यंत्र घेतं. त्याचं नाव मूळठसा. मग दिवसभर माणूस जे काही करेल त्या वेळची अवस्था पट्टा या ठशाशी ताडून बघतो. जुळली तर काटा उजवीकडे, नाही जुळली तर डावीकडे. तोंड खोटं बोलेल, पण कातडीला ते जमत नाही, एवढ्या एका गोष्टीवर हे यंत्र चालायचं. आणि कॉलनीत ते इतकं चाललं, की भिशी फुटली, पत्त्यांचा अड्डा मोडला, शिंदेवहिनींनी तर मालिका बघणं सोडून पोहायचा क्लास लावला.

घोलप मात्र पट्ट्याशिवाय फिरत होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस नोकरीत होता त्याहून आता जास्त कामात होता. सोसायटीचे सचिव तेच, गणेश मंडळाचे सल्लागार तेच, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेचे परीक्षक तेच. कुणाचं लग्न अडलं, कुणाची भिंत कुणाच्या हद्दीत आली, की लोक म्हणायचे, घोलपसाहेब आहेत ना! आणि घोलपसाहेब असायचेच. नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

शेवटी नाशिकहून त्यांच्या लेकीनं, केतकीनं, पट्टा पाठवलाच. "बाबा, एवढे धावता ते कुठं पोचता, ते तरी कळू दे एकदा," ती फोनवर म्हणाली.

रविवारी सकाळी घोलपांच्या पत्नीनं, जयमालाबाईंनी, पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, तबकडीला हळदकुंकू वाहिलं. घरात फ्रीज आला तेव्हाही त्यांनी हेच केलं होतं. घोलप आंघोळ करून पाटासमोर बसले आणि त्यांनी उजवा तळहात तबकडीवर ठेवला. जयमालाबाई शेजारी बसल्या. सत्यनारायणाला यजमान संकल्प सोडताना बायको त्याच्या हाताला हात लावते, तसा त्यांनी सवयीनं आपला हात नवऱ्याच्या हाताला लावला. दोघांपैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

"तुम्हाला मनापासून काय करायचं आहे?" यंत्रानं विचारलं.

घोलप गडबडले. सभेत कुठल्याही विषयावर बोलणारा माणूस, पण हा विषय त्यांना कुणी कधी दिलाच नव्हता. मग इतकी वर्षं प्रत्येक मैफलीत, प्रत्येक पंगतीत ते जे ठासून सांगत आले होते तेच तोंडून निघालं. "मला स्वतःच्या हातानं एक तंबोरा घडवायचाय."

तबकडी उजळली. "ठसा अतिशय ठळक आहे," यंत्र म्हणालं.

"बघितलंस? किती खोल होतं मनात!" घोलप खूश झाले.

"होतं खरं," जयमालाबाई म्हणाल्या आणि नारळ फोडायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून काटा जो डावीकडे गेला तो गेलाच. सोसायटीच्या सभेत डावीकडे. मंडळाच्या बैठकीत डावीकडे. घोलप शिस्तीचे. यंत्र लावायचं तर त्याचं ऐकायचं. त्यांनी एकेक राजीनामा द्यायला सुरुवात केली. मंडळाच्या पोरांनी हार घातला, सोसायटीनं शाल दिली आणि नवा सचिव निवडताना तासभर भांडण केलं. हास्यसंघाचा तर राजीनामा द्यावाच लागला नाही, तो आपोआपच विझला.

सगळ्यात जड गेली ती वक्तृत्व स्पर्धा. चौथीतली एक चिमुरडी "माझी आजी" या विषयावर बोलता बोलता विसरली आणि आजीची खरीखुरी नक्कल करायला लागली. घोलप पोट धरून हसले. हसता हसता त्यांनी मनगटाकडे पाहिलं, तर काटा पार डाव्या टोकाला. त्यांना फार वाईट वाटलं. पण घरी जाताना मुख्याध्यापिकांना त्यांनी पुढच्या वर्षी दुसरा परीक्षक बघायला सांगितलंच.

"चला, सुटलो एकदाचा!" असं म्हणत ते घरात आले. खुर्चीत बसले, पंख्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी तिसऱ्यांदा पेपर वाचायला घेतला. जयमालाबाईंना त्यांची कीव आली.

"अहो, आता तंबोऱ्याचं तरी बघा. मिरजेचे इस्माईलचाचा दुकान पुतण्याकडे सोपवताहेत म्हणे. त्याआधी एकाच माणसाला शिकवणार आहेत. दुसरं कुणी गेलं तर बसाल हात चोळत."

तंबोऱ्यासाठीच तर एवढा मोकळा झालो होतो, हे घोलपांना तेव्हा आठवलं. ते लगेच निघाले. जयमालाबाईही निघाल्या, कारण भाचीच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू करायचे होते आणि डिंक त्यांना मिरजेतल्याच एका दुकानातला लागायचा. घोलपांच्या नात्यात बाळंतपण कुणाचंही असो, लाडू जयमालाबाईंनीच करायचे, हे कधी ठरलं ते कुणालाच आठवत नव्हतं.

इस्माईलचाचांच्या दुकानात छताला वाळलेले भोपळे टांगले होते आणि लाकडाच्या भुशाचा वास भरला होता. चाचांनी एक जुना तंबोरा पुढे ओढला आणि तारांखालची घोडी दाखवली.

"साहेब, सगळी करामत हिच्यात. हिचा माथा अशा बेतानं घासायचा की तार नुसती टेकावी. मग आवाज भरून येतो. त्याला जवारी म्हणायचं. घ्या कानस, घासून बघा."

घोलपांनी कानस घेतली. घासलं. काटा डावीकडे. त्यांनी बैठक बदलून पुन्हा घासलं. काटा डावीकडेच.

"आता हे काय!" ते वैतागले. "तंबोऱ्यासाठी सगळं सोडलं, आणि तंबोऱ्याला हात लावला तरी काटा डावीकडेच? धर गं हे, घामानं चावतंय." त्यांनी पट्टा काढून बायकोच्या हातात दिला. एका हातात डिंकाची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, मग जयमालाबाईंनी तो आपल्याच मनगटावर चढवला.

चाचांनी तार छेडली.

"थोडा बंद वाटतो ना अजून?" जयमालाबाई अभावितपणे म्हणाल्या. "म्हणजे आवाज येतो, पण मागून उमलत नाही."

"बरोबर वहिनी. तुम्ही घासा बघू."

"मी? छे, मी आपली…" म्हणता म्हणता त्यांनी पिशवी खाली ठेवली. कानस अगदी हलक्या हातानं दोनदा फिरवली. चाचांनी पुन्हा तार छेडली आणि आवाज किंचित पसरला. जयमालाबाईंचे डोळे मिटले. घोलप मात्र डोळे फाडून त्यांच्या मनगटाकडे बघत होते. काटा उजव्या टोकाला जाऊन थरथरत होता.

"बिघडलं!" ते ओरडले, आणि त्यांनी तिथूनच पट्ट्याच्या कंपनीला फोन लावला. पलीकडे ऋजुता नावाची एक इंजिनिअर होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"काका, ठसा घेताना शेजारी कुणी होतं का?"

"बायको होती."

"त्यांनी तुम्हाला हात लावला होता?"

"म्हणजे काय! संकल्पाला बायको हात लावतेच की!"

पलीकडे ऋजुता हसू आवरत होती, ते स्पष्ट ऐकू येत होतं. "काका, पट्टा पहिल्यांदा विकायला काढला तेव्हा आमच्या साहेबांना वाटलं, माणूस एकटाच बसून उद्दिष्ट बोलेल. पाट मांडून, जोडीनं बसून कुणी बोलेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. हाताला हात लागला की दोन्ही शरीरांचे ठसे तबकडीवर येतात आणि ती त्यातला ठळक तो धरते. तुमच्या नोंदीत शब्द तुमचे आहेत, ठसा काकूंचा आहे."

"आणि माझा?"

"तुमचा आहे, पण अगदी फिका. रोजचा पत्ता सांगावा ना, तसा."

घोलपांनी फोन ठेवला. ज्या काट्याच्या सांगण्यावरून त्यांनी अख्ख्या गावची कामं सोडली होती, तो काटा आजवर त्यांचा नव्हताच. त्यांना हसावं की रडावं ते कळेना. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि सगळ्यात जास्त शरम वाटली ती तिच्याकडे बघताना.

"जयू, तुला तंबोरा घडवायचा होता? कधी बोलली नाहीस!"

"बोलले होते की," जयमालाबाई म्हणाल्या. "लग्न झालं त्या वर्षी, इथल्याच मैफलीतून घरी जाताना. दुसऱ्या दिवशी तुमच्या मित्रांपुढे तुम्हीच ते सांगितलंत. आणि इतकं रंगवून सांगायचात हो, की पुढे पुढे मलाही ते तुमचंच वाटायला लागलं."

चाचा घोडीवरची धूळ फुंकत होते. "मग माझ्याकडे कोण येणार ते ठरवा. सोमवारी सकाळी दार उघडं ठेवतो. जो येईल तो माझा शेवटचा शिष्य. कुणी नाही आलं तर पुतण्या कुलूप बदलून मोबाइलचं दुकान टाकायला मोकळा."

"मला कुठलं जमतंय!" जयमालाबाई घाईनं म्हणाल्या. "लाडू व्हायचेत." काटा सर्रकन डावीकडे गेला. "महिला मंडळाचं हळदीकुंकू आहे." आणखी डावीकडे. "नणंदेच्या घरची वास्तुशांत आहे, पुरणपोळ्यांचं मीच बघायचं." काटा टोकाला जाऊन आपटला आणि चाचा खो खो हसले. जयमालाबाईंनी पदराखाली मनगट लपवायचा प्रयत्न केला. "हसू नका! आणि सासूबाई आहेत. रोज दुपारी त्यांच्या पायांना तेल लावावं लागतं."

काटा हळूच उजवीकडे सरकला.

जयमालाबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "तेल लावताना त्या मला भजनं गायला लावतात. सूर चुकला की चिमटा काढतात. ते नाही सोडणार मी."

"नको सोडूस," घोलप म्हणाले. "बाकीचं मी बघतो."

"तुम्ही? लाडू?"

"पाणी अडवून धरण बांधलंय मी. डिंक तळता येणार नाही?"

डिंक तळता आला नाही. पहिला घाणा करपला, दुसरा कच्चा राहिला. बहिणीनं फोनवर "दादा, तू लाडू करतोयस?" असं विचारून पाच मिनिटं नुसतं हसून घेतलं. हळदीकुंकवाच्या तयारीला घोलप हजर झाले तेव्हा महिला मंडळात आधी कुजबुज झाली, मग त्यांना वाण मोजून पिशव्या भरायला बसवलं. वास्तुशांतीच्या पुरणपोळ्या बाहेरून मागवा, असं त्यांनी स्वतः सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे कुणाचंच काही अडलं नाही. जयमालाबाईंना याचं थोडं वाईटही वाटलं. आपल्यावाचून एवढं सहज चालतं, हे कळणं सोपं नसतं.

रविवारी संध्याकाळी त्यांनी तीनदा विचार बदलला. हात कापतात, डोळ्यांना चष्मा आहे, या वयात लोक काय म्हणतील. घोलप काही बोलले नाहीत. न बोलणं त्यांना भारी जात होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी आतल्या खोलीतून सासूबाईच म्हणाल्या, "अगं, जा की. दुपारपर्यंत येतेस ना? मग झालं तर."

सोमवारी सकाळी जयमालाबाईंनी स्कूटर बाहेर काढली. केस घट्ट बांधलेले, डबा घेतलेला, चेहरा शाळेच्या पहिल्या दिवसासारखा. हातात कानस धरायची म्हणून पट्टा त्यांनी घरीच ठेवला होता. त्यांच्याकडे बघून घोलपांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि ते लपवायला ते उगीचच टायरची हवा बघायला लागले.

तेवढ्यात समोरून बाबर सरांनी हाक मारली. "घोलपसाहेब! तो काटा तुमचा नव्हताच म्हणे! मग या की परत. सोसायटीत मारामारी व्हायची वेळ आलीय, शाळेलाही परीक्षक मिळेना. तुमच्याशिवाय पान हलत नाही बघा."

घोलपांची मान आपोआप ताठ झाली. "हो, येतो की," हे शब्द ओठांवर येऊन पोचलेसुद्धा. मग त्यांना ती आजीची नक्कल करणारी चिमुरडी आठवली आणि ते मनापासून हसले. सोसायटीची सभा आठवली, आणि ते थांबले.

"शाळेत येतो, नक्की येतो," ते म्हणाले. "बाकीचं विचार करून सांगतो."

बाबर सर बघतच राहिले. घोलपसाहेब विचार करून सांगतो म्हणाले, ही कॉलनीतली पहिलीच वेळ होती.

जयमालाबाईंनी स्कूटर सुरू केली, पण लगेच निघाल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे वळून बघितलं.

"माझं तर कळलं," त्या म्हणाल्या. "आता तुमचं सांगा. एवढी वर्षं धावलात ते त्या कामांच्या ओढीनं, की कुणीतरी हाक मारावी म्हणून?"