पाठमोरं जोडपं

हमदुल्ला लाँचवर कारकून होता. एडनहून परतताना बायकोला खजूर आणायचा. दुबईत बाहेरून खजूर आणणारा तो एकटाच नवरा असावा. चौसष्ट साली मात्र त्याने लाकडी जोडपं आणलं.

आफ्रिकेतल्या माली देशाच्या कुणा हाजीकडून घेतलेलं, तिकडच्या डोगोन जमातीचे पूर्वज. एकाच बैठकीवर नवरा-बायको, सारख्या उंचीचे. त्याचा हात तिच्या गळ्यात. त्याच्या पाठीवर बाणांचा भाता, तिच्या पाठीवर मूल.

"हात म्हणजे दोघं एकच," हमदुल्लाने समजावलं. "भाता म्हणजे घर पोसणारा. मूल म्हणजे पुढचा वंश. आपणच समज."

"आपल्याला कुठंय मूल?" कुबरा म्हणाली.

"इन्शाल्ला."

पण घरात मूर्ती ठेवून नमाज कशी पढायची? कुबराने तोडगा काढला. जोडप्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखं. तेव्हापासून तिला दिसायच्या त्या फक्त पाठी.

एडनच्या खेपा करणाऱ्यांची तिकडे दुसरी बिऱ्हाडं असतात, असं दुबईच्या देरा भागातल्या शेजारच्या बायका सांगायच्या. कुबराने सरळ विचारलं. हमदुल्लाने नमाजाच्या मुसल्ल्यावर बसल्या बसल्या शपथ घेतली, "तुझ्याशिवाय कुणी नाही." तिने विश्वास ठेवला. विषय खलास.

तो पुढच्या खेपेला गेला आणि लाकडी मुलाचे पाय लांबले. आधी बाईच्या कमरेशी होते, आता बैठकीला टेकले. बाजूने पाहिलं तर तोंडात दोन दातही आले होते. तो आल्यावर तिने दाखवलं.

"दमट हवा. लाकूड फुगतं."

"फुगून दात येतात?"

हमदुल्ला हसला नाही. एरवी तो कशालाही हसायचा.

तो पुन्हा गेला. मुलाने मान वळवली. त्याच्या उजव्या भुवईत खाच होती. हमदुल्लाच्या भुवईत आहे तशीच.

हमदुल्ला परतला, त्या दुपारी तो विहिरीवर अंघोळीला गेला होता. कुबराने जोडपं आपल्याकडे फिरवलं.

पुरुष हमदुल्लाच होता. बाई कुबरा नव्हती. रुंद कपाळाची कुणी अनोळखी बाई, सवतीने बघावं तशी संकोचून बघत होती.

कुबराने जोडपं परत भिंतीकडे वळवलं.

बाईची पाठ मोकळी होती. गुळगुळीत.

कुबराचे खांदे जड झाले, गळ्याभोवती मागून दोन लहान हात पडले. मानेवर ऊन ऊन श्वास लागला.

हमदुल्ला दारात उभा होता. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. उलट सुटल्यासारखा वाटला.

"आवाज करू नकोस," तो म्हणाला. "एडनपासून झोपला नव्हता. आत्ता कुठं डोळा लागलाय."