घार अजून गेली नाही

मयुरा लकडगंजात आली ती मेलेली घार उचलायला. पिशवी सोबत होती, हातमोजे होते, आणि मार्च सरता सरता नागपुरात भर दुपारी पायी हिंडणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे काही उरतं, तेवढंच तिच्या चेहऱ्यावर उरलं होतं.

घार साधीसुधी नव्हती. काळ्या कानांची, हिमालयापलीकडून हिवाळ्यापुरती येणारी. मयुराच्या संस्थेनं भांडेवाडीच्या कचऱ्यावर अशा काही घारी पकडून त्यांच्या पाठीवर काडेपेटीएवढी यंत्रं बसवली होती. कोणती घार कुठे आहे, हे मोबाइलवरच्या ठिपक्यावरून कळायचं. बाकीचे ठिपके केव्हाच उत्तरेला निघून गेले होते. हा एकच मात्र एका आरा मिलवर चिकटून बसला होता. मेली असणार, दुसरं काय!

सागवानाच्या ओंडक्यांवर ती चढली, तोच खालून आवाज आला.

"ओ मॅडम! उतरा, उतरा! लाकूड घसरते!"

ती उतरली... म्हणजे घसरलीच. पापण्यांवरसुद्धा लाकडाचा भुसा बसलेल्या एका तरुणानं तिचा हात धरला, आणि ती उभी राहिल्यावरही सोडायला अंमळ उशीर केला.

"काय शोधून राहिल्या?"

"मेलेली घार."

"मेलेली तर नाही जी आमच्याकडे," तो गंभीरपणे म्हणाला. "जिवंत चालंल काय?"

त्याचं नाव प्रशिक. तो तिला गच्चीवर घेऊन गेला. तिथं टिनाच्या सावलीत बाजेवर त्याचे वडील रुपराव बसले होते. उभा जन्म त्यांनी या आऱ्यावर काढला होता. मग लकव्यानं उजवी बाजू नेली. हात हलता राहावा म्हणून डॉक्टरांनी चेंडू फेकायला सांगितलं होतं, पण चेंडूचा त्यांना भारी कंटाळा. त्यावर प्रशिकनं एक तोड काढली. कोपऱ्यावरच्या कोंबडीच्या दुकानातून तो रोज संध्याकाळी आतडी-कातडी आणायचा, रुपराव ती लुळ्या हातानं जमेल तशी उडवायचे, आणि घारी वरच्या वर झेलायच्या. हात चांगला सुधारला होता.

आणि कठड्यावर, पाठीवर यंत्र मिरवत, ती बसली होती. धडधाकट. जरा जास्तच गुबगुबीत!

मयुरानं रिकामी पिशवी घडी करून बॅगेत ठेवली. हसावं की रडावं, तिला कळेना.

"तिला खायला घालणं बंद करा," ती शेवटी म्हणाली. "असं आयतं मिळालं तर ती जायचीच नाही कदाचित. आतापर्यंत निघायला हवी होती."

"आन् ती गेली की तुम्ही?"

"मीही. ही एकच राहिलीय, म्हणून मी आहे. पुढचं काम भुजला."

"असं काय..." प्रशिक म्हणाला, आणि कठड्यावरच्या घारीकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून रुपराव कुरकुरत पुन्हा चेंडू फेकू लागले. मयुरा रोज घारीवर नजर ठेवायला येऊ लागली. कामासाठीच हं... असं ती कोणी न विचारताच सांगायची. घार कठड्यावर, मयुरा टिनाखाली, आणि प्रशिक काही ना काही निमित्त काढून जिन्यात.

एकदा जाताना त्यानं तिच्या बॅगेत गुपचूप काहीतरी सरकवलं. तिनं बाहेर काढून पाहिलं, तर कांदा!

"ऊन लागत नाही यानं," तो म्हणाला.

"लोक गुलाब देतात."

"गुलाबानं ऊन थांबते काय, सांगा बरं?"

ती हसली. कितीतरी दिवसांनी मनापासून हसली, आणि लगेच तिला दमल्यासारखं झालं. खरं सांगायचं तर ती दमलेलीच होती, नुसत्या उन्हानं नव्हे. दर मोसमात नवं गाव, नवी भाड्याची खोली, नवा पक्षी. बॅग पूर्ण रिकामी अशी कधी झालीच नव्हती. चिपळूणहून आई फोनवर विचारायची, "आता कुठे आहेस गं?" आणि उत्तर द्यायच्या आधी मयुराला क्षणभर आठवावं लागायचं.

हे तिनं प्रशिकला सांगितलं. त्यानं सल्ला दिला नाही, कीव केली नाही. नुसता माठातल्या गार पाण्याचा गडू पुढे केला आणि म्हणाला, "माहं उलटं आहे. बाबाले सोडून मी रामटेकच्या पलीकडं गेलोच नाही. मीबी थकलोच आहे जी, पण बसून बसून."

एप्रिल लागला. घार जाईना. संस्थेतून सरांचा फोन यायचा, "गेली का?" मयुरा म्हणायची, "अजून नाही, सर."

आणि मग नऊ-दहा दिवसांनी, ऊन तापून हवा वर चढू लागल्यावर, ठिपका हलला. इतवारीवरून, कामठीवरून, रामटेकच्या गडावरून सरळ उत्तरेला. मयुरा मोबाइलकडे बघत राहिली. इतकी वर्षं पक्षी जाताना पाहून तिला आनंद व्हायचा. आज झाला नाही.

ती मिलमध्ये आली. प्रशिक गच्चीवर एकटाच उभा होता. रुपराव बाजेवर डुलकी घेत होते. प्रशिकच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि कठड्यावर मांसाचे तुकडे तसेच पडलेले.

"गेली," तो म्हणाला. मग पिशवी लपवायला फार उशीर झालाय हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याचे कान लाल झाले. "मी... मी सकाळी चारून राहिलो होतो तिले. रोज. मशीन सुरू व्हायच्या आंधी. बाबालेबी माहीत नाही."

"मला माहीत होतं."

"आँ?"

"तिच्या पाठीवर यंत्र आहे, प्रशिक. संध्याकाळचं खाणं बंद झालं, तरी घार रोज पहाटे नेमकी इथं उतरायला लागली. तुमची चोरी मला नकाशावर दिसत होती."

"मंग काहून नाही बोलल्या? काहून नाही रागावल्या?"

मयुरानं मोबाइलवरचा नकाशा बंद केला. सरांना ती रोज काय सांगत होती आणि काय सांगत नव्हती, ते तिचं तिलाच ठाऊक. "कारण... मलाही ती जायला नको होती."

प्रशिकनं पिशवी खाली ठेवली. हात पँटला पुसले, पुन्हा पुसले.

"घारीले खाऊ घालून पाह्यलं, तरी ते गेली," तो म्हणाला. "तुमाले नुसतं विचारतो. मले तुम्ही लय आवडता. थांबून जा ना."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सरच होते. "मयुरा, निघाली ना शेवटची? छान! मग परवाचं भुजचं तिकीट काढतोय."

"नको, सर," ती म्हणाली. "मी येत नाहीये. अहवाल इथूनच लिहून देते. तिला इथं खायला मिळत होतं, तेही लिहिते. पुढचं काही ठरवलेलं नाही. दमलेय मी, सर... फार दमलेय."

पलीकडून बरंच काही बोललं गेलं. तिनं शांतपणे ऐकून फोन बंद केला. मग प्रशिककडे बघून म्हणाली, "मलाही तुम्ही आवडता. पण आता मला जरा बसू द्या."

ती रुपरावांच्या बाजेला टेकून बसली. प्रशिकनं आपला दुपट्टा ओला करून तिच्या डोक्यावर ठेवला, बाजेजवळच्या कूलरचं तोंड तिच्याकडे वळवलं. दोन वाक्यंही बोलून झाली नसतील, तिची मान कलली. रुपराव जागे झाले, तिच्याकडे बघितलं, आणि बरा झालेला हात उचलून मुलाला खुणेनंच खाली पिटाळलं.

खाली आरा खरखरत होता. प्रशिकनं जाऊन बटण दाबलं. भर कामाच्या वेळी सगळं चिडीचूप झालं. दाराच्या चौकटी घ्यायला आलेले चंपतराव खुर्चीतून अर्धवट उठले.

"लाइन गेली काय गा?"

"नाही जी, लाइन आहे. वर मयुरा झोपली आहे."

"मंग माह्या चौकटी? किती वेळ लागंल?"

"झोपू द्या जी तिले," प्रशिक म्हणाला. "लय दुरून आली आहे."