दिवाळीपर्यंत लायसन बंद

एसटीत माझ्या शेजारी येऊन बसलेला माणूस गिरधर आहे हे कळलं आणि मी पिशवी मांडीवर ओढून खिडकीकडे सरकले.

अख्ख्या यावलमध्ये नेमका हाच! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी निघालेल्या बायकांनी खच्चून भरलेली त्याची जीप भुसावळहून सुटली, तेव्हा मी पुढेच बसले होते. मागे माझी ताई, तान्ह्या बाळाला घेऊन. तापीच्या पुलावर जीप कठड्याकडे झुकली... आणि मला त्याच्या तोंडाचा वास आला. सण म्हणून प्यायला होता, मेला! पुढच्या चौकीपाशी पाणी प्यायचं निमित्त करून चार बायकांबरोबर मी उतरले आणि हवालदाराला हळूच सांगितलं. गिरधरला धरून नेलं. कोर्टानं दिवाळीपर्यंत त्याचं लायसन बंद केलं. सांगणारं कोण, ते मात्र कुणालाच कळलं नाही.

आणि आता तोच शेजारी! वळण आलं की त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जाई. भीतीतही मला हसू आवरेना.

"इथे ब्रेक नाही," मी म्हटलं.

"पायाले कोन सांगीन?" तो चक्क लाजला.

मी भुसावळला बालवाडीत शिकवायची, तो तिथे गॅरेजात लागलेला. रोज एकच गाडी. रुमाल टाकून तो माझी जागा धरू लागला. खिडकीची काच बसत नसे, म्हणून पावसात त्या बाजूला स्वतः बसून भिजायचा. दारू सोडली, म्हणाला. मला तो आवडू लागला होता... फार. म्हणूनच भीती वाढत चालली.

"चौकीवर कोनी सांगतलं, एकदा कळू दे मले," तो एक दिवस म्हणाला.

"कळलं तर?"

"इचारीन — काय बिघाडलं व्हतं मी तुमचं?"

गप्प बसले असते, तर लग्नही झालं असतं कदाचित. पण जन्मभर अशी भीत...?

"मी सांगितलं," मी म्हटलं. "ताईचं बाळ होतं मागे."

तो रुमाल उचलून उठला. पुढच्या थांब्यावर उतरून निघून गेला.

त्यानंतर तो एसटीत दिसलाच नाही. शेजारच्या जागेवर मी पिशवी ठेवायची, वेड्यासारखी. पुन्हा प्यायला लागला असेल का? जीव नुसता टांगणीला.

दिवाळीच्या पाडव्याच्या सकाळी दारात हॉर्न वाजला. ओट्यावर माझे वडील, आबा, बसलेले. जीपमधून गिरधर उतरला.

"आबा, लायसन भेटलं," तो म्हणाला. "पन त्या दिवशी हिनं सांगतलं नसतं तं... मले आठवलं का आंगावर काटा येतो." मग माझ्याकडे वळला. "रोज सकायी दारात उभा राहीन. तू वास घे, मंग गाडी सोड."

"रोज?"

"जलमभर."

आबांनी आमच्या दोघांकडे पाहिलं, खाकरले आणि उठून आत गेले.

मी पुढे झाले. वास घ्यायला इतकं जवळ जावं लागतं, हे ठाऊक नव्हतं! कसलाच वास नव्हता — दारूचा नाही, ती झाकायला चघळतात त्या बडीशेपेचाही नाही. आजची सकाळ तर निभावली. पण उद्याची?

"जा," मी म्हटलं. "पण... उद्या ये."

"येतो ना!"

जीप वळणाआड गेली. खरं सांगते, मी उद्याची वाट पाहू लागले — भीतभीतच.